जम्बो विमान आणि ग्रॅनोलाचं पाकीट

‘ट्रेडर जोज’ या अमेरिकन किराणा दुकानाच्या खाऊबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: हे कशाला आणलं, आणि ते का बंद केलं? दोन्हींचं मूळ एकच.

जो कुलोम्ब कॅलिफोर्नियात ‘प्रॉन्टो मार्केट्स’ नावाची छोटी दुकानं चालवायचे. सेव्हन-इलेव्हनची बलाढ्य साखळी तिथे येतेय म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाईकच वेगळं शोधलं. कॉलेजात जाणारे वाढत होते आणि बोइंग ७४७मुळे परदेशप्रवास स्वस्त होणार होता. शिकलेली, फिरलेली, पण बेताच्या पगाराची ही माणसं काहीतरी वेगळं खायला मागणार, हा त्यांचा होरा. १९६७मध्ये पॅसडीनात पहिलं ‘ट्रेडर जोज’ उघडलं. १९७२मध्ये ग्रॅनोला आला. दुकानाने स्वतःच्या नावाने विकलेला हा पहिला पदार्थ.

पुढे हीच रीत पडली. माल मोजका, बराचसा स्वतःच्याच नावाचा. फळीवर जागा देण्यासाठी कंपन्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे प्रत्येक नवं पाकीट हा एक प्रयोग. फसला, तर परत करा, पैसे मिळतात.

खरी पंचाईत आवडलेल्या खाऊची होते. तुमच्या जिवाचा असला तरी पुरेसा खपला नाही, तर तो फळीवरून जातो. आणि त्याच्यावर नाव याच दुकानाचं, त्यामुळे दुसरीकडे शोधून मिळत नाही. चोखंदळ गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या दुकानातही शेवटी चालतं ते बहुमतच.