रिसालदार गल्लीतला पाहुणा

बेळगावच्या रिसालदार गल्लीत रामकृष्ण मिशनचे विवेकानंद स्मारक आहे. मूळचे हे सदाशिवराव भाटे या वकिलांचे राहते घर. इथे ना सरदार राहिला, ना संस्थानिक. घराला हा मान मिळाला तो तीन दिवसांच्या पाहुण्यामुळे.

ऑक्टोबर १८९२. कोल्हापूर दरबारचे खासगी कारभारी गोळवलकर भाट्यांचे स्नेही. त्यांची चिठ्ठी घेऊन एक बंगाली संन्यासी सकाळी सहाच्या सुमारास दारात उभा राहिला. शिकागोची सर्वधर्म परिषद अजून अकरा महिने दूर होती. स्वामी विवेकानंदांना तेव्हा ओळखणार कोण?

भाट्यांच्या मुलाने मात्र त्याला नीट न्याहाळले. पुढे प्राध्यापक झालेल्या जी. एस. भाटे यांनी ते सारे लिहून ठेवले आणि घराची खरी कुळकथा तिथूनच सुरू होते. अंगात बंडी, हाती दंडाऐवजी साधी काठी, सोबत कमंडलू नि गीतेची छोटी प्रत. वर हा संन्यासी चक्क इंग्रजीत बोलतो! जेवण झाल्यावर त्याने पान-सुपारी मागितली, मग तंबाखूही. संन्याशाने तंबाखू खावी? आणखी धक्का पुढेच होता. आहाराविषयी विचारताच आपण परमहंस पंथाचे, समोर येईल ते खातो, असे उत्तर आले. मुसलमानांच्या घरचेही खाल्ल्याचे त्याने सांगून टाकले. मुलगा तेव्हा अष्टाध्यायी घोकत होता. त्यातले अवघड भागही पाहुण्याने त्याच्यापेक्षा सरस म्हणून दाखवले.

पाहुण्याची बातमी गावात पसरली. भाट्यांकडे बैठका भरू लागल्या. वादात गावचे एक इंजिनिअर तापत, स्वामी हसत राहत.

याच दिवसांत वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांची गाठ पडली आणि स्वामींचा मुक्काम त्यांच्याकडे हलला. तो नऊ दिवसांचा. मित्र पतिपत्नींनी स्वामींकडून दीक्षा घेतली. छायाचित्रासाठी मित्रांनीच आग्रह धरला. बेळगावच्या एस. महादेव यांच्या स्टुडिओत काढलेले ते छायाचित्र आजही घरोघरी दिसते. ते आपल्या गावचे, हे बेळगावकरांनाही अनेकदा सांगावे लागते.

  मिशनचा आश्रम किल्ल्यात आहे, मित्र राहत होते त्या ठिकाणी. एकाच मुक्कामाची दोन घरे अशी एकाच संस्थेकडे आली. त्यांतले गल्लीतले पहिले, म्हणून स्वामींची बेळगाववारी समजून घ्यायची तर सुरुवात भाट्यांकडून करावी, किल्ल्यात नंतर जावे.