प्लेहाउस स्क्वेअर, क्लीव्हलँड
अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराचा नाट्यगृहसमूह. युक्लिड अव्हेन्यूजवळ १९२१-२२ मध्ये स्टेट, ओहायो, हॅना, ॲलन व पॅलेस ही पाच गृहे उभी राहिली. मुख्य रस्त्यावर दर्शनी जागा अरुंद, म्हणून स्टेटचे प्रेक्षागृह मागे सरकले आणि सुमारे ३२० फूट लांबीचे दालन जन्मले; अडचणीतून आलेले हे वैभवच पुढे कामी आले. दूरचित्रवाणी व उपनगरांकडील स्थलांतरामुळे १९६९ पर्यंत हॅना वगळता सारी बंद पडली आणि १९७२ मध्ये स्टेट व ओहायो पाडण्याचा बेत झाला. शिल्पसौंदर्यानेच ती वाचली, असे म्हटले जाते. पण तितकीच देखणी गृहे इतरत्र जमीनदोस्त झालीच की! निर्णायक ठरला तो वापर: १९७३ मध्ये त्याच दालनात सुरू झालेला, काही आठवड्यांसाठी योजलेला बेल्जियन गायक-गीतकार झाक ब्रेल यांच्या गीतांचा प्रयोग दोन वर्षांहून अधिक चालला आणि ओस पडलेल्या भागातही प्रेक्षक येतो हे दिसले. पुढे गृहांच्या जीर्णोद्धारात सार्वजनिक पैसा मूठभरांच्या करमणुकीवर गेला, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र गृहे सांभाळणाऱ्या संस्थेने आसपासच्या इमारतींतून भाड्याचे उत्पन्नही उभे केले, हे त्यात सुटते. ओहायो १९८२, स्टेट १९८४, पॅलेस १९८८ आणि ॲलन १९९८ मध्ये पुन्हा उघडले.