ट्रोलिंग मोटर : वेगनियंत्रण

मासेमारीची छोटी होडी संथ व बिनआवाज चालवणारी, बॅटरीवरची मोटर. अमेरिकेतील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये मोटारगाडीच्या स्टार्टर मोटरला पंखा जोडून ती तयार केली.

अनेक जुन्या मोटरींना मोजकेच ठरावीक वेग असतात. कमी वेगासाठी प्रवाह रोधाच्या वेटोळ्यातून जातो आणि बरीच वीज उष्णतेत वाया जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर घेताना मोटरपर्यंत ६ व्होल्टच पोहोचले, तर २४० वॉटपैकी १२० वॉट रोधातच जातात. दिवसभर पाण्यावर राहणाऱ्याला हे परवडत नाही.

खरा उपाय म्हणजे पीडब्ल्यूएम नियंत्रक. त्यातील मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो; चालू काळाचे प्रमाण बदलले की सरासरी विद्युतदाब आणि त्यासोबत वेग सलग बदलतो. हा नियंत्रक मोटरच्या सर्वाधिक वेगाच्या तारेला जोडावा, म्हणजे जुने रोध वगळले जातात. प्रवाह तुटताच मोटरच्या वेटोळ्यांत उसळणाऱ्या दाबाला वाट देणारा डायोड हवाच, नाहीतर मॉस्फेट जळतो. नियंत्रकाची क्षमता मोटरच्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त असावी, तारा जाड असाव्यात आणि फ्यूज बॅटरीलगत बसवावा. पूर्ण वेगाला मात्र विजेची बचत होत नाही.