कवी, कमांडर आणि एक शेरा

आज पोलंडच्या क्शिश्तोफ कामिल बाचिन्स्कीबद्दल बोलू. जन्म २२ जानेवारी १९२१, वॉर्सॉ. प्रकृती नाजूक, दम्याचा त्रास. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात तो भूमिगत विद्यापीठात पोलिश साहित्य शिकला आणि 'यान बुगाय' या टोपणनावाने कविता छापत राहिला.

१९४३ साली तो भूमिगत सेनेच्या 'झोश्का' बटालियनमध्ये आला. १ जुलै १९४४ रोजी कमांडरने 'मैदानी कामाला फारसा उपयोगी नाही' अशा शेऱ्यानिशी त्याला पदावरून मोकळं केलं. मीही जवान सांभाळले आहेत. हा निर्णय कठोर होता, पण अन्यायाचा म्हणणार नाही. कमांडरला सगळ्या तुकडीचा जीव बघावा लागतो.

बाचिन्स्की मात्र घरी बसला नाही. तो 'पारासोल' बटालियनमध्ये गेला. १ ऑगस्टला वॉर्सॉचा उठाव सुरू झाला तेव्हा तो थिएटर चौकाच्या भागात होता. आपल्या तुकडीपर्यंत पोहोचता येईना, म्हणून तिथल्याच स्वयंसेवकांत उभा राहिला. ४ ऑगस्टला ब्लांक राजवाड्यात गोळी लागून तो पडला. वय २३. पत्नी बार्बराही जखमी होऊन १ सप्टेंबरला गेली. दोघं पोवाँझ्कीच्या लष्करी दफनभूमीत आहेत.

शेरा लिहिणं कमांडरचं कर्तव्यच आहे. पण त्या शेऱ्यानंतरही जो हजर होतो, त्याला सॅल्यूट करणं हेही कर्तव्यच. जय हिंद.