विघटनविकार आणि नोकरी

स्मृती, स्वतःची ओळख, संवेदना आणि शरीरावरचा ताबा एरवी एकमेकांना धरून चालतात. ताण किंवा आघातामुळे त्यांची ही सांगड काही काळ सुटते, तेव्हा त्या अवस्थांना विघटनविकार म्हणतात. दवाखान्यात डिसोसिएटिव्ह डिसॉर्डर हे नाव रूढ आहे. अशा व्यक्तींच्या नोकरीचा विचार येथे मुख्यतः हरियाणातील पंचकुला जिल्हा आणि त्याला लागून असलेल्या चंदीगडच्या संदर्भात केला आहे. या विषयावरील भारतीय लेखनाचा एक महत्त्वाचा भाग याच परिसरातून आला आहे.

प्रकार : फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी १८८९ मध्ये या अवस्थांची पहिली पद्धतशीर मांडणी केली. अमेरिकी वर्गीकरणात १९८० पासून त्यांचा स्वतंत्र गट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, विघटनजन्य झटके व लुळेपणा, स्मृतिलोप, तंद्री, संचार (अंगात येणे), बहुविध ओळख आणि परकेपणाची जाणीव असे प्रकार येतात. भारतीय रुग्णालयांत पहिल्या प्रकाराचे रुग्ण सर्वाधिक दिसतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील दशकभराच्या नोंदींत बाह्यरुग्णांमध्ये विघटनविकारांचे प्रमाण दर हजारी १.५ ते १५ होते. त्यांत शरीराच्या हालचालींशी संबंधित तक्रारी पुढे होत्या, तर झटके दुसऱ्या क्रमांकावर होते.

कामावरील स्वरूप : परकेपणाच्या जाणिवेत माणूस काम करत राहतो, पण आपले हात दुसरेच कोणी चालवत आहे, समोरचे कार्यालय काचेपलीकडे आहे, असे त्याला वाटत राहते. वास्तवाचे भान मात्र सुटत नाही, त्यामुळे सहकाऱ्यांना काहीच कळत नाही. काम बिनचूक होते आणि त्यासाठी लागलेली ताकद हिशेबात येत नाही. स्मृतिलोपात चित्र वेगळे असते. आवक-जावक नोंदवहीत आपल्याच अक्षरातली नोंद दिसते, खाली आपलीच सही असते, आणि ती केल्याचे आठवत नाही. बैठकीत दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी कोणी काढला की कर्मचारी सावरून घेतो, हो ला हो करतो, आणि पुढे कधीतरी खोटारडा ठरतो. बहुविध ओळख असलेल्या व्यक्तीच्या कामाचा दर्जा दिवसागणिक बदलू शकतो. वरिष्ठ त्याला चालढकल समजतात.

झटक्यांचा प्रकार सर्वांसमोर घडतो, म्हणून त्याचे परिणामही लगेच भोगावे लागतात. कारखान्यात कोणी कोसळले की भोवती गर्दी जमते आणि कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते. ही फिट अपस्माराची नसल्याचे निदान झाले की सहानुभूती ओसरते आणि ‘नाटक करतो’ हा शिक्का बसतो. हा शिक्का सर्वस्वी चुकीचा आहे. विघटनजन्य झटका ठरवून आणलेला नसतो. मेंदूच्या विद्युत आलेखात अपस्माराची खूण न मिळणे म्हणजे आजारच नसणे नव्हे. निदान चुकले तर माणूस वर्षानुवर्षे अपस्माराची औषधे घेत राहतो. त्यांनी येणाऱ्या सुस्तीचा परिणाम पुन्हा कामावरच होतो. अपुरी झोप, रात्रपाळी, अधिकाऱ्याचा चढा आवाज आणि जुन्या आघाताची आठवण करून देणारा वास किंवा जागा ही लक्षणे उफाळण्याची नेहमीची निमित्ते आहेत.

रायपूर रानी व चंदीगड : चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, म्हणजे पीजीआयमध्ये, मनोविकृतिशास्त्र विभाग डॉ. नरेंद्रनाथ विग (१९३०–२०१८) यांनी उभारला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ ते १९८१ या काळात सात विकसनशील देशांत मानसोपचार गावपातळीवर नेण्याचा प्रयोग केला. त्याचे भारतातील केंद्र रायपूर रानी हा विकासगट होता. तेव्हा अंबाला जिल्ह्यात असलेला हा गट १९९५ मध्ये स्थापन झालेल्या पंचकुला जिल्ह्यात आला. याच प्रकल्पाचा भाग म्हणून भारत, कोलंबिया, सुदान व फिलिपीन्समधील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या १,६२४ रुग्णांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १३.९ टक्के रुग्णांना मानसिक विकार आढळला. अंगदुखी, थकवा अशा शारीरिक तक्रारी घेऊन आलेले लोक प्रत्यक्षात मनाच्या आजाराने त्रस्त असू शकतात, हे या पाहणीने आकड्यांत मांडले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमामागे बंगळूरजवळच्या साकलवाडा येथील कामाबरोबर रायपूर रानीचाही अनुभव होता.

विग यांनी व्ही. के. वर्मा व एका सहकाऱ्यासह १९८१ मध्ये बहुविध व्यक्तिमत्त्व आणि संचार यांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत जे दुभंगलेल्या ओळखीच्या रूपाने दिसते, ते भारतात बहुधा देव किंवा भूत अंगात येण्याच्या रूपाने प्रकट होते, असा त्याचा रोख आहे. दोन्ही अवस्था एकच आहेत का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. नोकरीच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. संचाराला घर, गाव आणि देवस्थान अर्थ देतात. देवीचे वारे अंगात येणाऱ्या बाईला महाराष्ट्राप्रमाणेच त्या भागातही मान मिळू शकतो. कार्यालयात तोच अनुभव अर्थहीन ठरतो आणि रजेच्या अर्जावर लिहिता येत नाही.

आजाराने कामकाजात आलेली बाधा मोजण्यासाठी पीजीआयमध्येच १९८० च्या दशकात द्वारका पर्शाद व सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. सामाजिक, व्यावसायिक, वैयक्तिक, कौटुंबिक व बौद्धिक अशी तिची पाच क्षेत्रे आहेत. निदानाचे नाव कोणतेही असो, कामात नेमके काय अडते हे विचारणारी ही पद्धत विघटनविकारांना पुढे सांगितलेल्या सरकारी मोजपट्टीपेक्षा अधिक न्याय देणारी आहे.

गणना : २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील बारा राज्यांत हरियाणा नव्हते, महाराष्ट्रही नव्हते. त्यात वापरलेल्या मुलाखतीत विघटनविकारांचा विभागच नव्हता.

कायदा : अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत मानसिक आजार आहे. त्याच्या व्याख्येत स्मृती व स्थल-काल-भान यांतील गंभीर बिघाड स्पष्टपणे येतो. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. तो सध्याच्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. हरियाणा शासनाची अनेक संचालनालये पंचकुल्यात असल्याने या तरतुदीला तेथे विशेष महत्त्व आहे. मानसिक अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात दिला. तो विघटनविकाराचा खटला नव्हता, पण त्यातील तत्त्व येथेही लागू पडते.

अडचण प्रमाणपत्रापाशी येते. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. ते आयडियाज या मोजपट्टीवर ठरते. भारतीय मनोविकृतिशास्त्र संघटनेने केलेल्या या मोजपट्टीत स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. आजाराच्या कालावधीचे गुण त्यात मिळवतात. वीसपैकी सात गुण झाले की ४० टक्क्यांची मर्यादा गाठली जाते. गृहिणीचे घरकामही ‘काम’ म्हणून धरले जाते, ही तिची चांगली बाजू. पण ती घडवताना स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, मंत्रचळ व स्मृतिभ्रंश हेच आजार डोळ्यांपुढे होते. कर्मचारी राज्य विमा योजनेतही आजारपणाचा नेहमीचा लाभ वर्षाला ९१ दिवस मिळतो. दीर्घ आजारांच्या वाढीव लाभाच्या यादीत मनोविकारांपैकी स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य यांसारखे विकार आहेत, विघटनविकार नाहीत. सकाळी नीट असलेला माणूस दुपारी कोसळतो आणि संध्याकाळी पुन्हा नीट असतो. अशा आजाराला या दोन्ही ठिकाणी जागा नाही, ही व्यवस्थेतील गंभीर उणीव आहे.

त्यात भूगोलाची भर पडते. पंचकुल्यात राहणारा, मोहालीत नोकरी करणारा आणि चंदीगडला उपचार घेणारा माणूस हरियाणा, पंजाब व केंद्रशासित प्रदेश अशा तीन प्रशासनांच्या कागदपत्रांत अडकतो. मात्र अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांनी राहत्या जिल्ह्यातून किंवा उपचार चालू असलेल्या शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र घेण्याची मुभा दिली आहे.

उपचार व कामातील सोयी : मुख्य उपचार मानसोपचाराचा असून तो टप्प्याटप्प्याने होतो. आधी सुरक्षितता व लक्षणांवर ताबा, मग आघाताच्या आठवणींवर काम, शेवटी रोजच्या जीवनाची नव्याने घडी. विघटनासाठी खास असे औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर किंवा चिंतेवर औषधे देतात. नोकरी सांभाळायची तर आठवणींवरचे काम घाईने सुरू न करणे हिताचे असते. भान सुटू लागल्याचे जाणवताच पाय जमिनीवर घट्ट रोवणे, गार पाणी हातावर घेणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेणे असे साधे उपाय शिकवले जातात.

मालकाकडून लागणाऱ्या सोयी बहुतेक बिनखर्चाच्या आहेत : सूचना तोंडी न देता लेखी देणे, बसण्याची ठरलेली जागा, पाळ्यांची अदलाबदल टाळणे, उपचारासाठी आठवड्यातील ठरलेली वेळ. झटके येत असतील तर ते आटोक्यात येईपर्यंत यंत्र, उंची व वाहन यांपासून दूरचे काम द्यावे. आजार सांगावा की नाही हा निर्णय कर्मचाऱ्याचाच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार करणाऱ्यांवर गोपनीयता बंधनकारक आहे. निदानाचे नाव न घेता केवळ लागणारी सोय नमूद करणारे डॉक्टरांचे पत्र हा मधला मार्ग आहे.

खासगी क्षेत्र : खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते.

कंत्राटी व रोजंदारी कामगार : पदाचे संरक्षण देणारी वरील तरतूद शासकीय आस्थापनांपुरती असल्याने ठेकेदाराकडील कामगार व घरकामगार तिच्या बाहेर राहतात.