राग आवरत नाही, साहेब!

मध्यंतरी आमच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यासाठी चेन्नईला गेलो होतो. गिंडी स्टेशनवर लोकलमधून उतरलो आणि चाळीस वर्षांपूर्वीचा घाम आठवला. १९८३ साली इथून जवळच, सेंट थॉमस माउंटच्या बाजूला, ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये मी कॅडेट होतो. १९८८ साली त्या स्कूलची अकादमी झाली, १९९२ पासून तिथे मुलीही प्रशिक्षणाला येऊ लागल्या. आमच्या वेळी मात्र सगळे पुरुषच. हुकूम द्यायला, हुकूम पाळायला आणि राग गिळायला आम्ही तिथे शिकलो. आजचा विषय त्या रागाशीच जोडलेला आहे. बायकोवर हात उचलणाऱ्या पुरुषाला बदलण्याच्या प्रयत्नांचा हा इतिहास आहे.

आधी माझी चूक सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कंपनी कमांडर होतो. एका नाईकाची बायको हाताला पट्टी बांधून माझ्या पत्नीकडे आली. मी त्याला बोलावले. तो म्हणाला, "साहेब, राग आवरत नाही. ती उलट बोलते." मी त्याला झापले, शब्द घेतला आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट करून दिला. पुन्हा तक्रार आली नाही. प्रश्न मिटला असे मी धरून चाललो. माझी बदली झाली तेव्हा सुभेदारांच्या पत्नीकडून कळले, "साहेबांकडे पुन्हा गेलीस तर बघ," असे त्याने तिला त्याच रात्री बजावले होते.

तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. परेडवर चारचौघांत बोलणी खाल्ली तरी या माणसाची नजर समोर आणि मुठी पँटच्या शिवणीला असत. म्हणजे राग त्याला आवरत होता. कुठे आवरायचा आणि कुठे नाही, हे तो ठरवत होता.

हेच निरीक्षण या कामाच्या मुळाशी आहे. अमेरिकेत बॉस्टन भागात १९७७ साली 'इमर्ज' हा गट सुरू झाला. मार खाल्लेल्या स्त्रियांच्या निवाऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनीच काही पुरुषांना गळ घातली होती, की आम्ही जखमा बांधतो, तुम्ही मारणाऱ्यांशी बोला. १९८१ साली मिनेसोटातील डुलुथ गावात एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस, कोर्ट आणि स्त्रियांच्या संघटना यांना एका साखळीत बांधले. पुरुषाला कोर्टाने गटात पाठवायचे, तो गैरहजर राहिला तर कोर्टाला कळवायचे. पीडित स्त्रियांच्या अनुभवांवरून त्यांनी 'सत्ता आणि नियंत्रणाचे चक्र' आखले. मारहाण, पैसे अडवणे, माहेर तोडणे, मुलांची धमकी हे सगळे त्यात एकत्र दिसते. पुढे पेन्स यांनीच प्रांजळपणे लिहिले, की प्रत्येक पुरुषात सत्तेची हाव आम्ही आधीच गृहीत धरली होती. या वर्गांचे परिणाम तपासणारे अभ्यासही संमिश्र आहेत. अनेक ठिकाणी फरक थोडाच पडलेला दिसतो. हे जादूचे औषध नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

आपल्याकडे १९८३ सालीच भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आले. मुंबईत १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी, बायकोला मारणे ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांनी पुढे यावे, अशी जाहिरात दिली. २०५ जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' म्हणजे 'मावा' ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी यांनी ती पुढे नेली. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा मराठी अंक पुरुषांना पुरुषांशी बोलते करतो.

तमिळनाडूची वाट थोडी वेगळी. चेन्नईत थाउजंड लाइट्स भागात १९९२ साली राज्यातले पहिले महिला पोलीस ठाणे उघडले. गिंडीपासून फार लांब नसलेल्या इंदिरानगरात शांती रंगनाथन यांनी १९८० साली सुरू केलेली व्यसनमुक्तीची संस्था कुटुंबालाही उपचारात सामील करून घेते. पण दारू सुटली म्हणजे हात थांबतोच असे नाही. दारू न पिणारेही मारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या २९.३ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२, तमिळनाडूत ३८.१.

घरगुती हिंसाचार कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. नियमांत दोन गोष्टी आहेत. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी पुरुषाने समुपदेशकाला द्यायची. आणि झाल्या मारहाणीचे समर्थन तिथे ऐकून घ्यायचे नाही, हे त्याला आधीच सांगायचे. ते वाचले आणि मला तो नाईक आठवला. "ती उलट बोलते" हे वाक्य मी ऐकून घेतले होते. तिच्यासमोर ऐकून घेतले होते.

आज ती बाई आली तर मी काय करीन? आधी तिला एकटीला विचारीन, तुला काय हवे आहे, रात्री सुरक्षित कुठे राहशील. त्यानंतर त्याचे बघायचे, आणि तेही एका झापण्यात उरकणारे नाही. आठवड्यामागून आठवडे, गटात, कायद्याचा धाक मागे ठेवून ते चालवावे लागते. तो सुधारला की नाही, हे मी त्याला विचारणार नाही, तिला विचारीन. आणि तिचे गप्प राहणे म्हणजे होकार, असे पुन्हा कधी समजणार नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणा ताईला गरज असेल तर महिला हेल्पलाइन १८१ लक्षात ठेवा. आणि कुणा भावाला आपलाच हात आवरत नाही असे वाटत असेल, तर बाबा रे, साहेबासमोर तो कसा आवरतो, एवढे आज रात्री स्वतःला विचार. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!