तांडा आणि ठाण्याचे दप्तर

वाशीम जिल्ह्यातील मानोरा किंवा मंगरुळपीर तालुक्यातून जाताना बऱ्याच ठिकाणी गाव संपते, मध्ये मोकळा माळ येतो आणि मग तांडा लागतो. अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचे. पण शाळा, नळ आणि दवाखाना हे अंतर ओलांडून तांड्यापर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागली. वस्तीवरची गुन्हेगारी वाढली की घटली, तेथील जगणे सुधारले की बिघडले, हा प्रश्न आपण शहरांच्या उपनगरांविषयी नेहमी विचारतो. गावाबाहेरच्या या वस्त्यांना तोच प्रश्न विचारायचा, तर गुन्ह्यांचे दप्तर कोणी लिहिले हे आधी पाहावे लागते.

बंजारा समाज मुळात वाहतूकदार. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ नेणाऱ्या या तांड्यांवर मोगल, मराठे आणि इंग्रज अशा सर्वांच्या फौजा पोसल्या गेल्या. 1803 साली वेलस्लीच्या फौजा वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगड येथे लढल्या. त्या मोहिमेतही धान्यपुरवठ्याची भिस्त बंजाऱ्यांवर होती. पुढे 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि 1860 च्या दशकात अकोला-अमरावतीच्या बाजूने रेल्वे नागपूरला पोचली. बैलांचे काम आगगाडीने घेतले. फिरणारा तांडा थांबला, आणि थांबला तो गावाच्या कडेला, इतरांनी सोडलेल्या हलक्या जमिनीवर.

नेमक्या याच काळात त्यांच्याविषयीचे लेखन सुरू होते, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. वऱ्हाडच्या पोलिस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर एक विस्तृत टिपण लिहिले. ते मूळ 1869 च्या सुमाराचे मानले जाते आणि 1882 मध्ये ते पुन्हा छापले गेले. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात बंजाऱ्यांवरचा जो लेख आहे, त्याचा मुख्य आधार हेच टिपण होय. त्यात लग्नविधी, देवदैवते, कुळे यांची माहिती मोलाची आहे आणि आजचे अभ्यासकही ती वापरतात. तरीही निरीक्षक पोलिस होता, हे विसरता येत नाही. ज्याचे काम संशय घेण्याचे, त्याच्याच नजरेतून एक समाज ग्रंथालयात दाखल झाला.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचा पुरावा मानले. 1911 मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढली. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय हालचालीस बंदी हे सारे त्यात होते. प्रत्येक तांड्यावर तो लागू झाला असे नाही, पण संशयाला अधिसूचना लागत नसते. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुन्या याद्यांची सवय नव्या नावाने टिकून राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये आले, तेव्हा ही सवय मराठी वाचकाला त्या याद्यांतल्या माणसाच्या बाजूने प्रथमच इतकी उघड दिसली.

या प्रदेशाची सलग आकडेवारी मांडणे तसेही अवघड. बासीम हा स्वतंत्र जिल्हा 1905 मध्ये मोडला. त्याचा पुसद तालुका यवतमाळकडे गेला, उरलेला भाग अकोल्यात मिसळला. आजचा वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 चा. म्हणजे मधली 93 वर्षे अकोल्याच्या बेरजेत बुडालेली आहेत.

आणि बेरीज तरी कशाची? मोहाच्या दारूचे गुन्हे घ्या. 1949 च्या दारूबंदी कायद्याखालील नोंदी धाडींवर अवलंबून असतात. ज्या महिन्यात धाडी जास्त, त्या महिन्यात तांडा अधिक ‘गुन्हेगार’. याउलट तांड्यातील भांडणे, मारहाण, लग्नाचे वाद नायक आणि कारभारी यांच्यापुढे, नसाबात मिटत. ते ठाण्यापर्यंत गेलेच नाहीत, म्हणून दप्तरात ती शांतता दिसते. त्या शांततेची किंमत पुष्कळदा बाईने मोजली, कारण बैठकीत पुरुषच बसत. 1983 मध्ये 498-अ हे कलम आले. तांड्यावरची एखादी बाई नवऱ्याविरुद्ध ठाण्यात जाते तेव्हा गुन्ह्यांचा आकडा एकाने वाढतो. मला तो आकडा वाढलेला चांगला वाटतो. नुसता दर पाहणाऱ्याला मात्र तेथे अधोगती दिसेल.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या इतक्या झाल्या की 2006 मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या 3,750 कोटींच्या मदतीत विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी वाशीम एक होता. हे मृत्यू त्याच ठाण्यात नोंदले जातात, पण ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा एक खंड काढतो आणि अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा दुसरा. पहिला चाळून कोणी वाशीम शांत जिल्हा आहे असे म्हटले, तर त्याने दुसरा खंड उघडलेला नाही एवढेच. सावकाराचा तगादा दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो.

2018 मध्ये वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावजवळून वाहतो आहे. मानोऱ्यातील पोहरादेवी येथे, सेवालाल महाराजांच्या समाधीस्थानी, ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले. दिवाळीनंतर तांड्यातील कुटुंबे मात्र अजूनही कामासाठी बाहेर पडतात आणि मुलांचे शाळेतील नाव तेवढे मागे राहते.

सप्टेंबर 2025 मध्ये बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशासाठी ठिकठिकाणी मोर्चे काढले. त्यांच्या हातातला मुख्य दस्तऐवज होता हैदराबाद गॅझेट. इंग्रजी राजवटीच्या काळात त्यांना मोजण्यासाठी जी पाने लिहिली गेली, त्यांचीच छायाप्रत आता हक्काच्या अर्जाला जोडली जात आहे.